विश्लेषण : आंबिवलीच्या जमिनीत काय मुरलंय आणि त्याचा धोका कोणाला?

कल्याणहून कसाऱ्याकडे निघालेली लोकल शहाड सोडून पुढे गेली की आंबिवली येतं. या स्टेशनाची ओळख अनेक वर्षं एकाच कारखान्याशी जोडलेली होती, ती म्हणजे मोहन्याची एनआरसी, अर्थात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन. २००९ साली कंपनीला टाळं लागलं. हजारो कामगारांची देणी अडकली. प्रकरण दिवाळखोरीच्या कायद्याखाली गेलं आणि पुढे शेकडो एकरांची ही जमीन अदानी समूहाकडे आली. आता तिथे अंबुजा सिमेंटचं ग्राइंडिंग युनिट उभारण्याचा प्रस्ताव आहे. वर्षाला ६० लाख टन सिमेंट दळण्याची त्याची क्षमता असेल.

या प्रकल्पासाठी १६ सप्टेंबर २०२५ रोजी जनसुनावणी झाली. मोहने, आंबिवली, अटाळी, वडवली, गाळेगाव या परिसरातल्या रहिवाशांनी जोरदार विरोध केला. चर्चा मुख्यतः धुळीवर आणि श्वसनाच्या आजारांवर झाली, आणि त्यात चूक काही नाही. ग्राइंडिंग युनिटमध्ये भट्टी नसते. तिथे क्लिंकर, जिप्सम, फ्लाय अॅश आणून दळतात, त्यामुळे धूळ हाच त्याचा मुख्य त्रास असतो.

पण धुळीच्या चर्चेत त्याच जमिनीबद्दलचा दुसरा प्रश्न मागे पडला. जिथे अर्धशतकाहून अधिक काळ रसायनांवर चालणारा कारखाना होता, तिथल्या मातीत आणि तिच्याखालच्या पाण्यात आज काय आहे? प्रकल्प सिमेंटचा असो, गोदामांचा असो की इमारतींचा, पाया खणायचाच आहे. हा प्रश्न अदानी आले म्हणून निर्माण झालेला नाही आणि ते गेले म्हणून सुटणारही नाही.

रेयॉन बनवताना काय वापरतात?

रेयॉनला कृत्रिम रेशीम म्हणतात, पण त्याचा कच्चा माल लाकडाचा लगदा असतो. हा लगदा आधी कॉस्टिक सोड्यात भिजवतात. मग त्यावर कार्बन डायसल्फाइडची प्रक्रिया होते आणि मधासारखा घट्ट द्रव तयार होतो, तो व्हिस्कोज. बारीक छिद्रांमधून तो गंधकाम्लाच्या हौदात सोडला की धागा बनतो. त्या हौदात झिंक सल्फेटही असतं. व्हिस्कोज कारखान्यांच्या आसपास येणारा कुजक्या अंड्यांचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. घरातली चांदी लवकर काळी पडते तीही याच वायूमुळे.

या यादीतली सगळी रसायनं जमिनीत सारखी टिकत नाहीत, आणि धोक्याचा विचार इथूनच सुरू करावा लागतो. कार्बन डायसल्फाइड कामगारांसाठी भयंकर विष आहे. मज्जासंस्था आणि हृदय या दोन्हींवर ते घाव घालतं. दक्षिण कोरियातल्या वोनजिन रेयॉन कारखान्यातले शेकडो कामगार त्याने कायमचे आजारी पडले आणि तो कारखाना १९९३ मध्ये बंद झाला. पण हे रसायन ४६ अंश तापमानालाच उकळतं. उघड्यावर सांडलेलं कार्बन डायसल्फाइड झपाट्याने उडून जातं. कारखाना बंद होऊन दीड दशक उलटल्यावर शेजारच्या चाळीतल्या मुलाला त्यापासून धोका असण्याची शक्यता कमी. जस्त मात्र उडून जात नाही, ते मातीला आणि गाळाला चिकटून राहतं. माणसाला त्याचा त्रास तुलनेने कमी असतो, माशांना बराच.

खरी काळजी पाऱ्याची. रेयॉनला कॉस्टिक सोडा मुबलक लागतो आणि तो बनवण्याची जुनी पद्धत पाऱ्याच्या सेलची होती. मिठाच्या पाण्यात वीज सोडायची आणि पारा हा एक इलेक्ट्रोड म्हणून वापरायचा. या पद्धतीत थोडा पारा कायम गळत असे, जमिनीवर, गटारात आणि हवेत. भारतातले कारखाने २००३ च्या सनदेनंतर टप्प्याटप्प्याने यातून बाहेर पडले. काळू नदी आणि ठाण्याच्या खाडीतल्या पाऱ्याबद्दल मुंबईच्या संशोधकांनी १९७० आणि ८० च्या दशकांतच लिहिलं होतं. शहाड ते टिटवाळा हा पट्टा तेव्हापासून अभ्यासकांच्या नजरेत आहे.

यावरून मोहन्याची माती विषारी ठरत नाही. ती तपासायला पुरेसं कारण आहे, एवढंच यातून सिद्ध होतं. समाजमाध्यमांवर हा फरक नेहमी पुसला जातो. एका बाजूने ‘सगळं विषारी आहे’ असे मेसेज फिरतात, दुसऱ्या बाजूने ‘पुरावा कुठे आहे’ असं विचारलं जातं. मोजणीच होत नसेल तर पुरावा येणार कुठून?

माती दूषित असली म्हणजे माणूस आजारी पडतोच का?

नाही. धोका मोजताना जगभर तीन गोष्टी पाहतात. विष आहे का, ते माणसापर्यंत पोहोचायला वाट आहे का, आणि त्या वाटेच्या टोकाला कोण आहे. तिन्ही असतील तरच धोका. दहा फूट खाली गाडलेला पारा, वर काँक्रीट आणि आसपास कोणी विहिरीचं पाणी पीत नसेल, तर त्या पाऱ्याचा आज फारसा त्रास नाही. उद्या तिथे जेसीबी आला की मात्र वाट उघडते.

आंबिवलीत या वाटा कोणत्या असू शकतात? पहिली पाण्याची. महापालिकेचा नळ आणि स्थानिक बोअरवेल यांच्यात इथे मोठा फरक आहे. नळाचं पाणी उल्हास नदीतून उचलून शुद्धीकरण केंद्रातून येतं. तुमच्या पायाखालच्या भूजलाशी त्याचा थेट संबंध नाही. बोअरवेल, चाळीची जुनी विहीर किंवा उन्हाळ्यातला खासगी टँकर यांचं पाणी मात्र कुठल्या खडकातून आलं हे कोणी विचारत नाही. विचारायला हवं.

हा सगळा भाग बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या कातळाचा. वाळूच्या प्रदेशात दूषित पाणी साधारण एका दिशेने सरकत जातं, त्याचा नकाशा काढता येतो. कातळात पाणी भेगांमधून धावतं. त्यामुळे एका बोअरचं पाणी खराब आणि पन्नास फुटांवरच्या दुसऱ्याचं चांगलं, असं सहज होऊ शकतं. ‘शेजाऱ्याने टेस्ट केली, ठीक आली’ हे कोकणपट्टीत तुमच्या बोअरवेलला लागू होत नाही.

दुसरी वाट धुळीची आणि मातीची. मोठ्या माणसाच्या तोंडात माती जात नाही, दोन वर्षांच्या मुलाच्या जाते. शिसं असलेल्या मातीचा सर्वांत मोठा फटका म्हणूनच लहान मुलांना बसतो. रक्तातल्या शिशाची कोणतीही सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. जुने कारखाने पाडताना फुटणारे सिमेंटचे पत्रे हाही धुळीचाच भाग. जुन्या पत्र्यांमध्ये अॅस्बेस्टॉस असतं.

तिसरी वाट ताटातली. पारा नदीच्या गाळात पडून असेल तर तिथले जिवाणू त्याचं मिथाइल मर्क्युरी बनवतात. ते लहान माशांतून मोठ्या माशांत आणि तिथून माणसात साठत जातं. जपानमधल्या मिनामाताला हेच झालं. पहिले रुग्ण १९५६ मध्ये अधिकृतपणे नोंदले गेले, पण कारखान्याचं सांडपाणी हेच कारण असल्याचं सरकारने मान्य करायला १९६८ उजाडलं. पाणी पिऊन हा आजार झाला नव्हता, मासे खाऊन झाला. काळूत, उल्हासात जाळं टाकणाऱ्या आगरी-कोळी घरांसाठी पाण्यापेक्षा माशांची तपासणी महत्त्वाची ठरते.

चौथी वाट हवेची. ती अचानक उघडते. २९ नोव्हेंबर २०१४ च्या पहाटे उल्हासनगरजवळ वडोलगावात वालधुनी नदीच्या परिसरात टँकरमधून रसायन सोडण्यात आलं आणि शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं. त्या लोकांनी ना पाणी प्यायलं होतं ना मातीला हात लावला होता. ते झोपेत होते.

रिपोर्टमध्ये ‘आढळलं नाही’ लिहिलंय, मग काळजी नको?

इथेच सर्वांत जास्त फसगत होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस १०५०० नुसार, एका लिटरमध्ये पारा ०.००१ मिलिग्रॅम, कॅडमियम ०.००३ आणि शिसं ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. प्रयोगशाळेचं यंत्र ०.००५ पेक्षा कमी पारा पकडूच शकत नसेल, तर ती मर्यादेच्या चौपट पारा असलेल्या पाण्यालाही ‘आढळला नाही’ असा शेरा देईल. शेरा खोटा नसतो, निरुपयोगी असतो. त्यामुळे रिपोर्टवर आधी पाहायचा आकडा निकालाचा नाही, तर यंत्र कमीत कमी किती पकडतं याचा.

नमुना घेण्यातही तसंच. पारा प्लास्टिकच्या बाटलीच्या भिंतीला चिकटतो. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरून दोन दिवसांनी दिलेला नमुना वाया गेला असं समजा. एनएबीएल मान्यतेची प्रयोगशाळा धातूंसाठी आम्ल घातलेली वेगळी बाटली देते, ती मागून घ्यावी. आणि ‘पाणी तपासा’ एवढंच सांगितलं तर पीएच, क्षार, कडकपणा आणि जिवाणू एवढंच तपासून मिळतं. धातूंची नावं घेऊन तपासणी मागावी लागते.

बाजारात दोन-तीनशे रुपयांत मिळणारं टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा एकूण अंदाज देतं. पारा आणि शिसं त्याला दिसत नाहीत. पाणी उकळल्याने जंतू मरतात, धातू मरत नाहीत, उलट पाणी आटल्यामुळे त्यांचं प्रमाण किंचित वाढतंच. यूव्ही फिल्टरही धातूंपुढे हतबल. आरओ बऱ्याच प्रमाणात धातू काढतो, पण मेम्ब्रेन वेळेवर बदललं तरच.

मातीबाबत आणखी एक गोम आहे. आपल्या काळ्या कातळापासून बनलेल्या मातीत तांबं, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं. मोहन्यातल्या मातीत क्रोमियम जास्त निघालं म्हणजे ते कारखान्याचंच, असं म्हणता येत नाही. तुलनेसाठी कारखान्यापासून दूर, नदीच्या वरच्या अंगाच्या गावातली माती घ्यावी लागते. अशा तुलनेशिवाय सादर केलेला अहवाल कंपनीचा असो की कार्यकर्त्यांचा, तो अर्धाच समजावा.

‘स्वच्छ’ म्हणजे नेमकं किती स्वच्छ?

एकच माती कारखान्यासाठी स्वच्छ आणि घरासाठी घाण ठरू शकते. हे ऐकायला विचित्र वाटतं, पण नियम तसेच आहेत. कॅनडाच्या मार्गदर्शक मर्यादांनुसार एक किलो मातीत शिसं शेतीसाठी ७० मिलिग्रॅम, निवासी जागेसाठी १४०, व्यापारी जागेसाठी २६० आणि औद्योगिक जागेसाठी ६०० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. कारण सरळ आहे. कारखान्यात माणूस बूट घालून आठ तास वावरतो, घराच्या अंगणात मूल रांगतं.

कोडाईकनालमध्ये हाच वाद वर्षानुवर्षं चालला. हिंदुस्तान युनिलिव्हरचा थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाला. तिथली माती किलोमागे २० मिलिग्रॅम पाऱ्यापर्यंत साफ करायची, असं प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केलं. ही मर्यादा फार सैल आहे, जंगल आणि पाणलोट क्षेत्राजवळ ती आणखी कडक हवी, असं तिथले कार्यकर्ते म्हणत राहिले. कारखाना बंद झाल्यानंतर प्रत्यक्ष माती साफ करण्यापर्यंत यायलाच दीड दशकाहून जास्त काळ गेला.

मोहन्यासाठी याचा अर्थ असा की आज जमीन ‘औद्योगिक’ म्हणून तपासली आणि ठीक ठरली, तरी पुढे तिच्या एखाद्या तुकड्यावर घरं किंवा बाग आली तर तो निकाल तिथे लागू होणार नाही. मर्यादा कोणत्या वापरासाठीची आहे, हे कागदावर लिहून घेतलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

जुलै २०२५ पर्यंत भारतात प्रदूषित जमिनीसाठी स्वतंत्र नियमच नव्हते. केंद्राने त्या महिन्यात ‘पर्यावरण संरक्षण (प्रदूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५’ अधिसूचित केले. देशभरात तोवर १०३ प्रदूषित ठिकाणं ओळखली गेली होती आणि प्रत्यक्ष सफाई सुरू झाली होती ती फक्त सात ठिकाणी.

नव्या नियमांत पहिली हालचाल स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने करायची आहे. संशयास्पद जागांची यादी त्यांनी दर सहा महिन्यांनी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला द्यायची. मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, संशय बळावला तर पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर. जागा प्रदूषित ठरली तर ते जाहीर करायचं, तिथे जाण्यावर निर्बंध घालायचे आणि सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून वसूल करायचा. तो सापडला नाही किंवा देऊ शकत नसेल तर भार केंद्र आणि राज्यावर. किरणोत्सारी कचरा, खाणी आणि घनकचऱ्याचे डम्पिंग ग्राउंड यातून वगळले आहेत, त्यामुळे कल्याणच्या आधारवाडीचा प्रश्न या खिडकीवर येत नाही.

म्हणजे आंबिवलीच्या बाबतीत पहिला प्रश्न कंपनीला नव्हे, कल्याण-डोंबिवली महापालिकेला आणि ठाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयाला विचारायचा. एनआरसीची जागा संशयास्पद ठिकाणांच्या यादीत पाठवली का? नसेल तर का नाही? माहिती अधिकारात हे दोन ओळींत विचारता येतं. २००९ च्या राष्ट्रीय प्रदूषण निर्देशांकात डोंबिवलीला ७८.४१ गुण होते आणि ७० च्या वर म्हणजे ‘अतिगंभीर’. अशा शहराच्या पालिकेकडे संशयास्पद जागांची यादी कोरी असेल तर तिलाच उत्तर द्यावं लागेल.

यात एक मोठी अडचण पुढे आली आहे. २६ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे सुनावणीनंतर दहाच दिवसांनी, केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने एक मसुदा काढला. स्वतःचं वीज केंद्र नसलेल्या स्वतंत्र सिमेंट ग्राइंडिंग युनिटना पूर्वपर्यावरण मंजुरीतून सूट देण्याचा हा प्रस्ताव आहे. ही मंजुरीच लागली नाही तर जनसुनावणीही लागत नाही. प्रदूषण मंडळाची संमती तेवढी उरते, आणि ती फाइल रहिवाशांसमोर उघडत नाही. जमिनीची तपासणी मागण्यासाठी प्रदूषित स्थळांचे नियम हाच मग जास्त भरवशाचा रस्ता ठरतो.

नकाशा कोणाकडे आहे?

नमुने कुठून घ्यायचे हा प्रश्न प्रयोगशाळा सोडवू शकत नाही. शेकडो एकरांत चुकीच्या वीस जागी खोदलं तर अहवाल निर्मळ येईल. कॉस्टिकची टाकी कुठे होती, गाळ कुठे टाकत, कोणती गटारलाइन फुटकी होती, पावसाळ्यात पाणी कुठल्या बाजूने नदीकडे जाई, हे निवृत्त फिटर आणि ऑपरेटर यांना पाठ आहे. देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणाऱ्या या माणसांना आजवर बँकेचे कागद मागितले गेले, हा नकाशा नाही. त्यांचं वय वाढत चाललंय. शास्त्रीय तपासणीत याला ‘जागेचा इतिहास’ म्हणतात आणि जगात कुठेही पहिलं पाऊल तेच असतं.

अंगातली तपासणी करून घ्यावी का?

सरसकट नाही. साध्या रक्त तपासणीत पारा किंवा शिसं दिसत नाही. त्यांच्या वेगळ्या चाचण्या असतात, आणि प्रत्येकीचा काळ वेगळा. रक्तातलं शिसं मुख्यतः गेल्या काही आठवड्यांचा संपर्क सांगतं. कारखान्यातल्या पाऱ्यासाठी लघवी तपासतात, माशांतून आलेल्या पाऱ्यासाठी केस किंवा रक्त. बोअरचं पाणी पिणारी गरोदर बाई, माती खाणारं मूल, रोज नदीचे मासे खाणारं घर, भंगार वितळवणारा माणूस यांनी डॉक्टरांशी बोलावं. मुलाच्या रक्तात शिसं डेसीलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त निघालं तर स्रोत शोधून तो तोडावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ‘शरीरातून विष काढण्याच्या’ जाहिरातींपासून लांब राहावं. धातू काढण्याची औषधं घातक ठरू शकतात, ती रुग्णालयातच दिली जातात.

‘आमच्या आळीत इतके कॅन्सर कसे?’ हा प्रश्न मात्र एका चाचणीने सुटत नाही. कॅन्सर संपर्कानंतर दहा-वीस वर्षांनी दिसतो, तोवर निम्मे लोक घर बदलून बदलापूरला किंवा गावी गेलेले असतात. छोट्या वस्तीत दोन-चार रुग्ण योगायोगानेही एकत्र दिसू शकतात. म्हणून आळीतला आकडा पुरावा होत नाही. पण तो आकडा कानाआड टाकायचाही नसतो. रुग्णाचं वय, आजाराचा प्रकार, पत्ता आणि तिथे किती वर्षं राहिला, एवढी नोंद एखाद्या स्थानिक डॉक्टरने ठेवली तरी पुढच्या अभ्यासाला आधार मिळतो.

पाण्याचे नमुने दोनदा घ्यावे लागतील. एकदा मे महिन्यात, बोअर खोल गेलेली असताना, आणि एकदा ऑक्टोबरात. पावसाळ्यात भूजल वर चढतं, एरवी कोरड्या असलेल्या भरावाला भिडतं आणि तिथलं जे काही आहे ते सोबत घेऊन उतरतं. पाया खणायला सुरुवात झाली तर खड्ड्यात साचलेलं पाणी पंपाने जवळच्या नाल्यात सोडलं जाईल. त्या पाण्याचा नमुना पंप सुरू होण्याआधी घेतला पाहिजे.